भिंगरीचा एक कान

मोहगावच्या पराटीत कापूस वेचताना विजयमालेची आई एक ओवी म्हणायची. बाया ओळीनं पुढे सरकायच्या, कमरेच्या ओटीत कापूस फुगत जायचा, आणि बांधावर भाकरीच्या फडक्याजवळ एखादं अनोळखी कुत्रं पाय पसरून निजलेलं असायचं. ते कोणाचं, कुठून आलं, हे कोणी विचारत नसे. आई तिकडे पाहायचीही नाही. हात बोंडातून बोंडात जायचे आणि गळा आपला आपण चालायचा:

दारच्या गं पायरीले, कोन निजलं राखनीले
नाई पुसला म्या बाप, त्याच्या कधी जननीले

असायचा बांध, पण ओवीत दारच यायचं. आई गेली, पराटी भावाच्या वाटणीला गेली, विजयमाला सौंसरला सांबाऱ्यांच्या घरात येऊन केस पिकवून बसली, तरी तो आवाज काही गेला नाही. हात कामात असले आणि डोकं रिकामं असलं की तो कानाशी येऊन बसायचा.

आणि नशीब पाहा, ज्या घरात ती आली त्या घराचा धंदाच मुळी बाप पुसण्याचा. तिचे यजमान मोरेश्वर सांबारे हे संत्र्याची कलमं करणारे. गावात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे, कलमवाले म्हणत. कलमाच्या कोंबाचा डोळा कुठल्या झाडाचा, ते झाड कुठल्या झाडाचं, ते कोणाच्या बगीच्यातलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत ज्या बगीच्यात संत्रा गोड, तिथला मालक अभिमानानं सांगायचा की कलम सांबाऱ्यांकडचं आहे. जिथे आंबट निघायचा तिथला मालकही तेच सांगायचा, पण हळू आवाजात.

तर एका वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, कलमवाले पांढुर्ण्याला गेले. संत्र्याचे मोठे अडते बापूजी बन्नगरे यांच्या बंगल्यावर सौद्याचं बोलायचं होतं. परत आले ते वेगळेच होऊन आले. चहा झाला, पाय धुणं झालं, आणि ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. पोरीचं, छायाचं, लग्न होऊन ती वरूडला गेल्यापासून ते या उंबऱ्यावर बसले नव्हते. नवराबायकोचं बोलणं तेव्हापासून "वाढू का" आणि "वाढ" एवढ्यावर आलं होतं.

"बापूजीकडे अल्सेशन आहे," ते म्हणाले. "टायगर. त्याचा आजा जर्मनीचा होता म्हंते. आपन ओसरीवर घाम पुसून राहिलो, अन् तो पंख्याखाली. दूध-डबलरोटी खाते. बापूजी त्याच्याशी हिंदीत बोलते."

"मंग?"

"मंग काय, आपली जंभी आहे ना."

जंभी ही नर्सरीवरची पिवळसर गावरान कुत्री. जंभेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, वाफ्यात जन्मली म्हणून जंभी. तिचा आणि जर्मनीचा काय संबंध ते विजयमालेला कळेना. कलमवाल्यांनी मग समजावून सांगितलं, जसं ते दरवर्षी नव्या गिऱ्हाईकाला सांगत.

"जंभेरीचं रोप म्हंजे खुंट. काटक, पानी कमी असलं तरी चालते. त्याले आपन संत्र्याचा डोळा बांधतो. डोळा फुटला की वरून जंभेरी छाटून टाकतो. आता सांग, त्या झाडाले काय लागते?"

"संत्रा."

"त्याले जंभेरीची चव येते का?"

"नाई येत."

"येत नाई. खुंट कसाही असो, फळ डोळ्याचं. जंभी म्हंजे खुंट अन् टायगर म्हंजे डोळा. पिल्लं सोळा आणे अल्सेशन निघाले पाह्यजे."

विजयमालेला यात काहीतरी खुपलं. छायाचं नाक थेट मोहगावचं होतं, त्यात सांबाऱ्यांचा काही वाटा नव्हता. ती म्हणाली, "मानसाचं तसं नसते पन."

"मानसाचं कलम कोन करते," ते म्हणाले, आणि विषय तिथे मिटला.

विचार पसरायला गावात वेळ लागत नाही, त्यात हा विचार संत्र्याच्या गावातला. ज्याच्या घरी दहा झाडं आहेत त्यालाही खुंट आणि डोळा कळतो. मिडल स्कूलचे विज्ञानाचे शिक्षक प्रभाकर मास्तर यांनी ऐकलं, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "शास्त्राले धरून आहे." लगेच पुढे म्हणाले, "एक पिल्लू मले." नायब तहसीलदार साहेब जबलपूरकडचे, त्यांच्या मुलखात संत्रा नाही, पण मास्तरांनी त्यांना फळ्यावर खडूनं कुत्री काढून दाखवली, शेपटीजवळ बाणही काढला, आणि त्यांचाही नंबर लागला. डॉक्टर हेमंत यांनी तेवढी शंका काढली, की प्राण्यांत आणि वनस्पतींत थोडा फरक असतो. मग कोणीतरी त्यांना म्हणालं की पिल्लं चारच उरली आहेत, तेव्हा तेही म्हणाले की फरक तसा फार नसतो.

बापूजींची एकच अट होती. डोळा त्यांचा, म्हणून पिल्लांतलं पहिलं, निवडीचं पिल्लू त्यांचं. कलमवाल्यांनी शब्द दिला.

आता यात अडचण एवढीच होती की जंभीला पांढुर्ण्याला न्यायच्या आठवडाभर आधी, विजयमाला मागच्या अंगणात शेण्या आणायला गेली, तेव्हा पराटीच्या काड्यांच्या ढिगामागे तिला जंभी दिसली, आणि जंभीबरोबर टोप्या दिसला.

टोप्या म्हणजे मधुकरच्या पानठेल्याखालचा कुत्रा. अंगानं पांढरट, डोक्यावर टोपी घातल्यासारखा काळा डाग, उजवा कान ताठ उभा आणि डावा मोडलेल्या पानासारखा पडलेला. काम काही नाही. येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहणं आणि सुपारीच्या कागदाचा वास घेणं, एवढ्यावर त्याचं आयुष्य सुखात चाललेलं. विजयमालेनं बादलीभर पाणी फेकलं. पाणी पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. टोप्यानं तिच्याकडे ओळखीनं पाहून शेपूट हलवली.

ती आत आली तेव्हा कलमवाले उंबऱ्यावर बसून जंभीच्या प्रवासाचं ठरवत होते. मॅटाडोरमध्ये संत्र्याच्या पेट्यांमागे जागा करायची, खाली गोणपाट टाकायचं. "तुले काय वाटते," त्यांनी विचारलं, "गूळ-पोळी बांधून देतं का तिच्यासाठी?"

तिला काय वाटतं, हे या माणसानं किती काळानं विचारलं होतं. तिच्या ओठावर आलेलं होतं ते तिनं गिळलं आणि म्हणाली, "देतो ना. तूपही लावतो."

जंभी गूळ-पोळी खाऊन पांढुर्ण्याला गेली, बापूजींच्या फाटकाआड राहून परत आली. बापूजींनी निरोप दिला, काम झालं. कसं झालं, कधी झालं, हे मोठ्या माणसाला कोण विचारणार. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि कलमवाल्यांच्या हिशेबापेक्षा थोडी आधीच जंभी समोरच्या खोलीत कापसाच्या गंजीआड व्याली. पाच पिल्लं. "जोरदार डोळा असला की लवकर फुटते," कलमवाले म्हणाले.

पाचही पिल्लांच्या डोक्यावर काळी टोपी होती.

विजयमाला कंदील धरून पाहत राहिली. तिला वाटलं, झालं, आता हे बोलणार. ते म्हणाले, "पाह्य. तोंडाजवळ काळं. अस्सल अल्सेशन." दुसऱ्या दिवशी प्रभाकर मास्तर आले, त्यांनीही तेच पाहिलं. नायब तहसीलदार येऊन गेले. सगळे पानठेल्यावरूनच आले, टोप्याला ओलांडून आले, पान तोंडात धरून आले, आणि टोप्याची टोपी त्यांना अंगणात आल्यावर जर्मनीची दिसली. एखादी गोष्ट आपण आधीच मागून ठेवली की ती तशीच दिसते, हे विजयमालेला तेव्हा कळलं.

पिल्लं चालायला लागली तोवर ठीक होतं. धावायला लागली आणि घर घर राहिलं नाही.

समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला. पाचही जणं दारातून सूर मारायची ती थेट गंजीत, आणि पलीकडून निघायची तेव्हा मेंढ्यांची कोकरं होऊन निघायची. शेपटीला कापूस, मिशांना कापूस. तशीच ओसरीभर, तिथून तुळशीपर्यंत, तिथून शेजारच्या शांताबाईच्या पापडांवर. शांताबाई रोज कुंपणाजवळ येऊन उभी राहायची.

"काय व विजे, तुया घरी पोट्टे नांदून राहिले का भुतं?"

"जर्मन आहेत व माय."

"जर्मन आहे तर माया उडदाच्या पापडावर काहून मुतून राहिले? जर्मनीत जा म्हना."

एकानं छायाचा लहानपणी तान्ह्या पोळ्याला मिरवायचा लाकडी बैल फडताळातून ओढून काढला आणि त्याचे दोन्ही पुढचे पाय खाऊन टाकले, तेव्हापासून तो बैल गुडघे टेकून नमस्कार करत असल्यासारखा बसलेला असायचा. एकानं कलमवाल्यांच्या चपलेचा फक्त डावा अंगठा खाल्ला, रोज नव्या चपलेचा, रोज डावाच. एक धोतराच्या सोग्याला लोंबकळून देवघरापर्यंत जायचं. नर्सरीत नेलं तर वाफ्यात खड्डे, आणि खड्ड्यात आदल्या दिवशी लावलेली रोपं, मुळ्या वर.

आणि या पाचांत एक होती भिंगरी. नाव विजयमालेनंच ठेवलं, कारण ती सरळ चालत नसे. शेपटीमागे गरगर फिरायची, फिरता फिरताच पुढे सरकायची, आणि दमली की जिथे असेल तिथे, म्हणजे बहुतेक विजयमालेच्या पायावर, पडायची. विजयमाला भाकरी थापायची तेव्हा प्रत्येक थापेला भिंगरी मान डोलवायची. एकदा हात पिठात होते, डोकं रिकामं होतं, आणि आईची ओवी आपसूक तोंडातून निघाली. भिंगरीनं शेपटी सोडली, पुढ्यात बसली आणि लांब आवाजात साथ दिली. विजयमाला इतकी हसली की कलमवाले ओसरीवरून उठून आले.

"काय झालं व?"

"गाऊन राहिली."

ते उंबऱ्यावर बसले. "पुन्हा म्हन," ते म्हणाले. तिनं पुन्हा म्हटली, आणि भिंगरीनंही. त्या संध्याकाळी भाजी करपली.

पुढे हेच रोजचं झालं. कलमवाले नर्सरीतून आले की आधी विचारायचे, "आज काय केलं तिनं?" आणि विजयमालेला सांगायला काही ना काही असायचंच. म्हणून ते गिळलेलं वाक्य दिवसेंदिवस जड होत गेलं. बोलावं तर या माणसाची उभ्या तालुक्यात फजिती, आणि हा उंबरा पुन्हा रिकामा. न बोलावं तर निवडीचं पिल्लू बापूजींचं. पाचांत निवडायची वेळ आली तर आंधळाही भिंगरीवरच हात ठेवेल, याची तिला खात्री होती.

पिल्लं मोठी झाली, तसा गावात कानांचा प्रश्न उभा राहिला. म्हणजे कानच उभे राहिले नाहीत, म्हणून प्रश्न उभा राहिला.

अल्सेशियनचे कान ताठ असतात हे मास्तरांनी सांगितलं होतं. या पाचांचे कान पडलेले. ज्यांनी ज्यांनी पिल्लं मागितली होती त्यांनी ठरवून टाकलं की कान उभे होईपर्यंत पिल्लू न्यायचं नाही. कच्चा माल घरी कशाला. त्यामुळे पाचही जणं कलमवाल्यांकडेच राहिली, खात राहिली, वाढत राहिली. नायब तहसीलदारांचा शिपाई रोज सकाळी सायकलवरून यायचा, फाटकातूनच विचारायचा, "साहब पूछ रहे हैं, कान खड़े हुए क्या?" बाजारात नमस्काराऐवजी लोक कान विचारू लागले. नॅरोगेजच्या गाडीतून उतरलेला पाहुणा घरी जायच्या आधी कलमवाल्यांच्या फाटकाशी डोकावून जायचा. डॉक्टर हेमंत यांनी अंड्याची टरफलं खाऊ घालायला सांगितली. मास्तर म्हणाले, सकाळी कान उत्तरेकडे करून बसवा.

शेवटी कलमवाल्यांनी आपला हुन्नर काढला. डोळा बांधायच्या पट्ट्या आणल्या, पिल्लांना एकेक करून मांडीत धरलं, आणि जसा खुंटावर डोळा बांधतात तसे दहाही कान वर ओढून पट्टीनं आवळून बांधले. हात असा हलका, की पिल्लांना कळलंही नाही. बांधून झाल्यावर ती पाच जणं अंगणात उभी होती, डोक्यावर पट्ट्यांचे तुरे, वरातीतल्या घोड्यांसारखी. मग एकानं दुसऱ्याचा तुरा ओढला आणि सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधले. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

यातली एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. कलमवाले नर्सरीत गेले की विजयमाला भिंगरीला चुलीजवळ घ्यायची, तिची पट्टी सोडायची, आणि कोमट खोबरेल तेलानं दोन्ही कान वरून खाली, वरून खाली चोळायची. "पडून राह्य बाई," ती म्हणायची. "उभं राहून कोनाचं भलं झालं. पडून राह्य." भिंगरी डोळे मिटून घ्यायची. कलमवाले यायच्या आधी पट्टी जागच्या जागी. एका घरात एकाच कुत्र्याच्या कानाला नवरा वर ओढत होता आणि बायको खाली, आणि कुत्रीला वाटत होतं की ही दोघं आपले लाड करताहेत. खोटं नव्हतं ते.

होळीच्या सुमारास पट्टी सोडली आणि भिंगरीचा उजवा कान उभाच राहिला. विजयमालेनं तेल लावलं, चोळला, हातानं दाबून धरला, पदरानं बांधला. सोडला की टचकन उभा. डावा मात्र मोडलेल्या पानासारखा पडलेला.

तिनं तो कान ओळखला. पानठेल्याखाली तो रोज पाहायला मिळत होता.

कलमवाले संध्याकाळी आले, पाहिलं, आणि चप्पल न काढता बाजारात गेले. पेढे घेऊन आले. प्रभाकर मास्तर धावत आले. नायब तहसीलदारांनी शिपायाला न पाठवता स्वतः येऊन कान पाहिला, हात लावून पाहिला. "एक तो हो गया," ते गंभीरपणे म्हणाले. पुलाचा अर्धा भाग झाल्यावर म्हणावं तसं. पांढुर्ण्याला निरोप गेला. तिकडून उलट निरोप आला: हनुमान जयंतीला बापूजी जामसांवलीला दर्शनाला येणार, परतताना सौंसरला येऊन पिल्लू घेऊन जाणार. ज्याचा कान उभा झाला ते.

त्या दिवसांत विजयमाला भाकरी थापताना गाईनाशी झाली. भिंगरी वाट पाहून पाहून स्वतःच सुरू करायची.

हनुमान जयंतीला दुपार कलल्यावर बापूजींची जीप आली. बापूजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कपाळभर शेंदूर. मागच्या सीटवर टायगर, त्याच्याही कपाळावर शेंदूर. आपली औलाद त्यानं स्वतः ओळखावी म्हणून बापूजींनी मुद्दाम आणलेला. ओसरीवर सतरंजी, त्यावर मास्तर, डॉक्टर, नायब तहसीलदार. कुंपणापलीकडे शांताबाई, पापडाचं निमित्त करून.

"या जी बापूजी, या," कलमवाले म्हणाले. पिल्लं समोरच्या खोलीत कोंडलेली होती. कापूस आता विकून झाला होता, पण सवय गेली नव्हती, ती रिकाम्या भिंतीवरच उड्या मारत होती. टायगर जीपमधून रुबाबात उतरला. त्याच वेळी दाराची कडी हरली.

पाच जणं बाहेर आली ती एखादं पोतं उलटं केल्यासारखी. एक टायगरच्या शेपटीला लागलं, एक पोटाखालून गेलं, भिंगरी त्याच्याभोवती गरगर फिरली. मागून जंभी आली, काही न बोलता, नुसती उभी राहिली आणि वरचा ओठ थोडा वर केला. जर्मन आज्याचा नातू जीपखाली गेला आणि तिथून शेंदूर लावलेलं कपाळ तेवढं दिसत राहिलं.

"लाजून राहिला," प्रभाकर मास्तर म्हणाले. "जुनी वळख आहे."

बापूजी हसले नाहीत. त्यांनी भिंगरीकडे बोट केलं. "हेच का ते?"

"हेच जी," कलमवाले म्हणाले.

त्या क्षणी फाटकातून टोप्या आत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बापूजींच्या हातातल्या प्रसादाच्या बुंदीचा वास त्याला रस्त्यावर पोचला असावा. तो संथ चालत आला आणि भिंगरीच्या शेजारी येऊन उभा राहिला. तीच काळी टोपी. तोच उजवा कान उभा, तोच डावा पडलेला. दोघांनीही एकाच वेळी मान तिरपी करून बापूजींच्या हाताकडे पाहिलं.

ओसरीवर डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नायब तहसीलदार कौलांकडे पाहू लागले. कुंपणापलीकडून शांताबाईचा खोकला ऐकू आला.

मग मास्तरांनी घसा साफ केला. "पाहा," ते म्हणाले, "रस्त्यावरचे कुत्रेही आताशा अल्सेशनसारखे दिसाले लागले."

"क्लाइमेट," नायब तहसीलदार म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि ओसरीवर पुन्हा वारा खेळू लागला.

"चला मंग, द्या," बापूजी म्हणाले. "एक कान झाला आहे, दुसरा पांढुर्ण्याच्या पान्यानं होऊन जाईन. आपल्याकडे टायगरसारखी राहीन ही. साखळीनं, पंख्याखाली. माती लागू द्याची नाई पायाले."

कलमवाल्यांनी भिंगरीला उचललं. ती आता उचलण्याइतकी लहान राहिली नव्हती, पाय खाली लोंबत होते. "बापूजी," ते म्हणाले, "दुसरा कान होऊ द्या ना. तयार नसलेलं रोप मी कधी वाफ्यातून काढून देत नाई. मी सोता आणून देतो, थोडं थांबा."

"शब्द दिला होता ना, कलमवाले?"

"दिला होता."

"डोळा कोनाचा?"

"तुमचा जी."

"मंग?"

कलमवाल्यांनी तिला खाली ठेवलं आणि गळ्यात दोर अडकवला. ज्या हातांनी सुईच्या टोकाएवढा डोळा न थरथरता बांधला, त्या हातांना साधी गाठ जमत नव्हती. विजयमाला स्वयंपाकघराच्या दारातून ते हात पाहत होती. भिंगरीला हा नवाच खेळ वाटला. तिनं दोराचं मोकळं टोक कलमवाल्यांच्या हातातून ओढून तोंडात धरलं, तीन गिरक्या घेतल्या, आणि टोक आणून विजयमालेच्या पायावर टाकलं. मग पुढ्यात बसली आणि वर पाहू लागली, ओवी सुरू व्हायची वाट पाहत.

विजयमालेनं दोर उचलला. इतक्या माणसांसमोर ती कधी ओसरीवर आली नव्हती. पदर सारखा केला आणि आली.

"बापूजी," ती म्हणाली, "भिंगरी तुमच्या टायगरची नाई."

"काय बोलून राहिली तू?" कलमवाले म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुन्हा गिळलं असतं.

"जंभी पांढुर्ण्याले निघाली, त्याच्या आधीच ती या टोप्याची झाली होती. मागं, पराटीच्या ढिगाजवळ. म्या आपल्या डोळ्यानं पाह्यलं, बादलीभर पानी बी फेकलं. यायले, घरधन्याले, सांगितलं नाई. उंबऱ्यावर बसून बोलाले लागले होते हे, म्हून नाई सांगितलं. तुमचा डोळा बांधलाच गेला नाई बापूजी, तं फळावर तुमचा हक्क कसा? अन् हेबी ऐकून घ्या सगळे, यायच्या हातचं कलम आजपावतो कधी फसलं नाई. हे कलम झालंच नव्हतं. भिंगरी आमची आहे. आमच्याच घरी राहीन."